पुतळ्याची भीती नेमकी येते कुठून?

स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात, भर चौकात, एक राक्षस बसलाय. कारंज्याच्या मधोमध उंच रंगीत खांब, खांबावर तो, आणि त्याच्या तोंडात एक नागडं पोर. डोकं आत गेलेलं, पाय बाहेर. बाजूला झोळी, झोळीत आणखी पोरं कोंबलेली. खाली खांबाभोवती हत्यारं घेतलेल्या अस्वलांची मिरवणूक कोरलीय, कारण अस्वल हे बर्नचं मानचिन्ह. हान्स गींग नावाच्या शिल्पकाराने हे काम १५४५-४६ च्या सुमारास केलं.

हे राजवाड्याच्या बागेतलं शिल्प नाही, हे लक्षात घ्या. घरोघरी नळ नव्हते तेव्हा ही कारंजी म्हणजे शहराचे पाणवठे होते. बायाबापड्या रोज तिथे पाणी भरायला यायच्या, लेकरं पायात घोटाळायची, आणि वर हा पोरं खात बसलेला.

तो कशासाठी बसवला यावर तर्क पुष्कळ आहेत. कुणी म्हणतं, पोरांना धाक दाखवायला, म्हणजे आपल्याकडचा बागुलबुवाच. कुणी म्हणतं, हा ग्रीक पुराणातला क्रोनस, स्वतःचीच लेकरं गिळणारा. कुणाला तो त्यांच्याकडच्या सणातलं सोंग वाटतो. एक तर्क मन कडू करणारा आहे: त्याची टोपी त्या काळात ज्यूंना सक्तीने घालायला लावलेल्या टोपीसारखी दिसते, तेव्हा हे ज्यूद्वेषाचं चित्र असावं. पक्का पुरावा यातल्या कशालाच नाही. पावणेपाचशे वर्षं लोक त्याच्या खालून ये-जा करताहेत, आणि त्याची मूळ गोष्ट मात्र हरवली आहे.

जगभरातल्या अशा विचित्र, अंगावर येणाऱ्या पुतळ्यांचे फोटो आपल्या मोबाइलवर सारखे येत असतात. आपण ‘बापरे’ म्हणतो आणि पुढे पाठवतो. पण त्यांच्याकडे जरा थांबून बघण्यासारखं आहे. भीती फक्त पुतळ्याच्या चेहऱ्यात असते असं मला वाटत नाही. तो कुठे उभा आहे, आणि त्याची गोष्ट बघणाऱ्याला कुणी सांगितली आहे का, यावर निम्मं काम ठरतं.

आपल्या खान्देशातल्या कुठल्याही गावाच्या शिवेवर चला. म्हसोबाचा दगड दिसेल. शेंदराची पुटं चढून चढून मूळ आकार कधीच बुजलेला, आणि त्या केशरी गोळ्यातून रोखून बघणारे दोन पांढरे डोळे. परगावचा पाहुणा दिवेलागणीला एकटाच तिथे पोचला तर हमखास दचकेल. गावातलं पोर त्याच्याच सावलीत गोट्या खेळत असतं. दगड तोच, डोळे तेच. फरक एवढाच की त्या पोराला आजीने सांगितलेलं असतं, हा शीव राखतो, हा आपल्या बाजूचा आहे.

जुन्या यादवकालीन देवळांत उंबऱ्यावर वटारलेल्या डोळ्यांचं, सुळे दाखवणारं, धड नसलेलं एक तोंड कोरलेलं असतं. ते कीर्तिमुख. त्याची पुराणातली गोष्ट बर्नच्या राक्षसापेक्षाही भयंकर आहे. जालंधराने राहूला दूत म्हणून शंकराकडे धाडलं, पार्वती मागायला. शंकराच्या रागातून एक भुकेला गण उपजला आणि राहूवर धावला. राहूने गयावया करून जीव वाचवला. पण त्या गणाची भूक तशीच होती. शंकर म्हणाले, मग स्वतःलाच खा. त्याने पायापासून सुरुवात केली आणि तोंड तेवढं उरलं. शंकर प्रसन्न झाले आणि त्याला आपल्या दाराशी मानाची जागा दिली. स्वतःचं धड खाल्लेलं तोंड आपण रोज ओलांडून गाभाऱ्यात जातो आणि कुणाला वावगं वाटत नाही. गोष्ट जिवंत आहे तोवर राक्षससुद्धा राखणदार होतो.

पण मग गोष्ट कळायच्या आधीच, पहिल्या नजरेलाच अंगावर काटा येतो, त्याचं काय? त्याचं उत्तर आपल्या डोक्यात आहे.

माणसाच्या मेंदूत चेहरे ओळखण्याचं काम मुख्यतः करणारा एक खास भाग असतो. जन्मून काही तास झालेलं बाळसुद्धा चेहऱ्यासारख्या आकाराकडे जास्त बघतं. त्यामुळे दोन ठिपके आणि खाली एक रेघ दिसली की आपल्याला चेहरा दिसलाच. हा भाग फार हळवा आहे. डोळा गुंजभर खाली सरकला, ओठ जरासा ताणला गेला, की काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण काहीतरी चुकलंय हे लगेच कळतं.

१९०६ मध्ये अर्न्स्ट येंच या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने यावर लिहिलं. समोरची वस्तू जिवंत की निर्जीव हे मनाला ठरवता येत नाही तेव्हा ही विशिष्ट बेचैनी येते, असं त्याचं म्हणणं. पुढे १९७० मध्ये मासाहिरो मोरी या जपानी यंत्रमानव-तज्ज्ञाने ते आलेख काढून मांडलं. वस्तू जसजशी माणसासारखी होत जाते तसतशी ती आपल्याला आवडत जाते. खेळण्यातला रोबो कारखान्यातल्या यंत्रापेक्षा गोड वाटतो. पण अगदी माणसासारखी होता होता थोडक्यासाठी राहिली, की आवड एकदम कोसळते आणि किळस येते. त्या घसरणीला त्याने दरी म्हटलं. त्याचं एक उदाहरण कृत्रिम हाताचं आहे: दिसायला खरा, पण हातात घेतला की थंड आणि हाडं नसलेला. आणि वस्तू हलणारी असली तर दरी आणखी खोल होते, असंही त्याने नोंदवलं. पुढच्या सगळ्या प्रयोगांत हा आलेख जसाच्या तसा मिळालेला नाही, पण त्याने बोट ठेवलेली जागा बरोबर होती.

या दरीच्या अलीकडे सुखरूप कसं राहायचं, हे आपल्या खान्देशातल्या कानबाई देवीकडे बघून कळतं. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, घरोघरी नैवेद्याचे रोट होतात आणि कानबाई बसते. नारळालाच डोळे लावतात, नाकात नथ, कपाळी ठसठशीत कुंकू, गळ्यात दागिने, अंगाला साडी. माणसाची हुबेहूब नक्कल करायचा तिथे प्रयत्नच नसतो. गाल नाहीत, हनुवटी नाही, कातडीचा रंग नाही. चेहऱ्याच्या खुणा तेवढ्या आहेत, बाकीचा चेहरा भक्ताचं मन भरून काढतं. म्हणून रात्रभर जागरण करताना त्या डोळ्यांकडे कितीही वेळ बघा, मन निवतंच. तोच चेहरा कुणी मेणात, कातडीच्या रंगासकट, पापण्यांच्या केसांसकट घडवला असता तर लेकरं त्या खोलीत झोपली नसती.

चौकातल्या पुतळ्याची पंचाईत नेमकी ही असते. त्याला खुणांवर भागवता येत नाही. तो ओळखू यावाच लागतो.

अमेरिकेत न्यू यॉर्क राज्यातल्या सेलोरॉन या छोट्या गावाने २००९ मध्ये आपल्या लाडक्या विनोदी अभिनेत्रीचा, ल्युसिल बॉलचा, ब्राँझचा पुतळा उभारला. हातात बाटली आणि चमचा, तिच्या एका गाजलेल्या प्रसंगातला. गावकऱ्यांनी बघितलं तर डोळे बटबटीत, दात विचकलेले. लोकांनी त्याला ‘भयानक ल्युसी’ म्हणायला सुरुवात केली आणि अखेर २०१६ मध्ये दुसऱ्या शिल्पकर्तीकडून नवा पुतळा बसवला. २०१७ मध्ये पोर्तुगालच्या मदेरा बेटावरच्या विमानतळावर क्रिस्तियानो रोनाल्डोचा अर्धपुतळा बसला आणि जगभर त्याची चेष्टा झाली. पुढच्याच वर्षी तोही बदलला गेला. शिल्पकारांना नावं ठेवणं सोपं आहे. चुकतं कुठे ते समजून घेणं जास्त मोलाचं, कारण असे पुतळे आपल्याकडेही रोज घडताहेत.

आधी मातीत नमुना होतो. त्यावरून साचा, साच्यात मेणाची प्रत, मेणाभोवती उष्णता सोसणारं कवच. मग मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत ब्राँझ ओतायचं. धातू निवताना किंचित आकसतो, तुकडे जोडावे लागतात, जोड घासावे लागतात, आणि या घासण्यात ओठांच्या कडा, पापण्यांच्या रेघा हळूच बदलतात. त्यातही दात आणि डोळे ही सगळ्यात अवघड जागा. जिवंत माणूस हसतो तेव्हा ओठ लाल, दात पांढरे, आतली पोकळी काळी. रंगामुळे ते हसू आहे हे कळतं. ब्राँझमध्ये ओठ, दात, जीभ सगळं एकाच तपकिरी रंगाचं. रंग गेला की उघड्या तोंडाचं हसू राहत नाही, दात विचकणं उरतं. म्हणून जुने जाणते शिल्पकार शक्यतो तोंड मिटलेलं ठेवतात.

डोळ्याचं तर आणखीच. आपल्या डोळ्यात पांढरा आणि काळा भाग वेगळा असतो म्हणून नजर कुठे आहे हे लांबूनही समजतं. धातूत पांढरा नाही. मग शिल्पकार मातीतच बुबुळाच्या जागी खोलगट खळगा कोरतो, म्हणजे तिथे सावली साचेल, आणि त्या खळग्यात वरच्या बाजूला तांदळाएवढा एक कण तसाच ठेवतो. ऊन त्या कणावर पडलं की डोळ्यात चमक दिसते आणि पुतळा बघायला लागतो. तो कण राहिला नाही किंवा दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला आला नाही, तर नजर आंधळी तरी होते, नाहीतर तिरकी तरी.

भरीला उजेड. मातीचा नमुना कार्यशाळेत डोळ्यांच्या उंचीवर बघून पसंत केला जातो. पुतळा चढतो उंच चौथऱ्यावर. वरून येणाऱ्या भर दुपारच्या उन्हात भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत पडते. रात्री तर चौथऱ्याच्या पायथ्याशी बसवलेले फोकस खालून वर मारा करतात. आपल्याला सूर्याचा उजेड वरून पडलेले चेहरे बघायची सवय. खालून उजेड पडला की हनुवटी आणि नाकपुड्या उजळतात, सावल्या वर चढतात, आणि ज्या थोर माणसापुढे दिवसा आपण हात जोडतो तोच रात्री ओळखू येत नाही. महाराष्ट्रात राष्ट्रपुरुषांचा पुतळा सार्वजनिक जागी बसवायचा तर मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. ही पायरी फार महत्त्वाची आहे, कारण बदल मातीतच होऊ शकतो. आपल्या गावात पुतळा समिती असेल तर सदस्यांनी नमुना पाहायला जाताना एक शिडी मागावी. नमुना उंचावर ठेवून, खाली उभं राहून, एकदा वरच्या आणि एकदा खालच्या उजेडात बघावा. आणि फोकस पायथ्याशी न लावता समोरच्या खांबावर उंच लावावेत. एवढ्यानेही फार फरक पडेल.

उलट टोकाचं, फारच हुबेहूब साधल्याचं, उदाहरण टोनी मॅटेली या शिल्पकाराचं आहे. २०१४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या वेलस्ली या मुलींच्या कॉलेजच्या आवारात त्याचा एक पुतळा बसला: चड्डीवर, डोळे मिटून, हात पुढे करून झोपेत चालणारा माणूस. रंगवलेलं ब्राँझ, पण इतकं हुबेहूब की बर्फातून येणाऱ्या मुलींना अंधारात तो खराच वाटे. तो हलवावा म्हणून मुलींनी अर्ज केला. काम उत्तम होतं, तरी मुलींची बाजू मला पटते. कलादालनात आपण मन तयार करून, तिकीट काढून जातो. रस्त्यावर पुतळा आपल्याला विचारत नाही.

कारंज्यात तर पुतळ्याला पाण्याची हालचाल मिळते, म्हणून बेचैनी वाढते. पाणी शरीराच्या कुठल्या जागेतून येतं यावर सगळं अवलंबून. इटलीतल्या बोलोन्याच्या चौकात जांबोलोन्या या शिल्पकाराने सोळाव्या शतकात घडवलेल्या नेपच्यून या समुद्रदेवाच्या पायाशी जलदेवता स्वतःचे स्तन दाबून पाण्याच्या धारा सोडताहेत. प्रागमध्ये डेव्हिड चेर्नी या शिल्पकाराने २००४ मध्ये चेक देशाच्या नकाशाच्या आकाराच्या हौदात लघवी करणारे दोन पुरुष उभे केले. त्यांची कंबर यंत्राने फिरते आणि धारेने पाण्यावर अक्षरं लिहिली जातात. आणि आपल्या चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, उनपदेवला बारमाही गरम पाणी गाईच्या तोंडातून येतं. गाईच्या मुखातून वाफाळतं पाणी पडतंय हे नवख्याला चमत्कारिक वाटेल. आपण त्याखाली डोकं धरतो.

काही कलाकार मात्र ठरवून त्या दरीत उतरतात. याच चेर्नीने प्रागच्या झिझकोव टीव्ही मनोऱ्यावर रांगणारी दहा प्रचंड बाळं चढवली. बाळांना चेहरेच नाहीत, त्या जागी नुसत्या खाचा. लुईज बुर्जुआ या शिल्पकर्तीने १९९९ मध्ये जाळं विणणाऱ्या कोळ्याची नऊ मीटरहून उंच मादी घडवली. पोटाशी पिशवी, पिशवीत संगमरवरी अंडी. तिच्या पायांखालून लोक चालत जातात. बघणारा आधी शहारतो. पण बुर्जुआने ती आपल्या आईच्या आठवणीत केली. आई जुने विणलेले पडदे दुरुस्त करायची, तुटलेले धागे पुन्हा जोडायची. हे कळल्यावर तिच्या लांब पायांखाली आडोसा वाटायला लागतो.

डेन्व्हरच्या घोड्याच्या बाबतीत गोष्टीने उलटं काम केलं. अमेरिकेतल्या या शहराच्या विमानतळाबाहेर बत्तीस फुटी निळा घोडा मागच्या पायांवर उभा आहे. अंगावर शिरा टरारलेल्या, डोळे लाल, आणि रात्री ते पेटतात. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याच्या अंगावरचे भोवरे बघून सौदा करणाऱ्या कुणाही जाणत्याला हा फोटो दाखवा. तो आधी डोळेच बघेल. “त्याना डोया देख,” म्हणेल, आणि लगाम धरायला पुढे जाणार नाही. लुईस हिमेनेझ हा त्याचा शिल्पकार. २००६ मध्ये या घोड्याचाच एक मोठा भाग त्याच्यावर पडला, पायाची रक्तवाहिनी तुटली आणि तो गेला. त्याच्या मुलांनी आणि सहकाऱ्यांनी काम पुरं केलं, २००८ मध्ये घोडा उभा राहिला. लोकांनी त्याला सैतानाचं नाव जोडलं. ज्या पुतळ्याने आपल्या कर्त्याला मारलं, त्याच्याकडे कोण निवांत बघेल? पण त्या लाल डोळ्यांमागे आणखी एक गोष्ट आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. हिमेनेझच्या वडिलांचा टेक्सासमध्ये निऑनच्या पाट्या बनवण्याचा कारखाना होता. लहानपणी तो तिथेच काम शिकला. घोड्याच्या डोळ्यांतले दिवे हे बापाला केलेलं वंदन आहे.

धाक घालण्यासाठीच उभारलेले दगड आपल्या महाराष्ट्रातही कमी नाहीत. गधेगळ आठवा. राजाने दान दिलेली जमीन कुणी बळकावली तर त्याच्या घरच्या बाईची काय विटंबना होईल, हे गाढव कोरून सांगणारा दगड. वर सूर्य-चंद्र, म्हणजे ते आहेत तोवर ही आज्ञा. अक्षर न येणाऱ्यालाही समजावं म्हणून चित्र इतकं उघडं. गुन्हा पुरुषाचा आणि शिक्षा बाईच्या देहावर, हे आज वाचताना संताप येतो, आणि यायलाच हवा. सिंगापूरच्या हॉ पार व्हिला बागेत नरकाचे दहा दरबार असेच रंगीत पुतळ्यांत मांडलेत, पाप्यांना कापण्या-चिरण्यासकट. आपल्या यात्रांत विकल्या जाणाऱ्या यमलोकाच्या चित्रांचीच ती मोठी आवृत्ती.

आणि काही शिल्पांत भयानक असं काहीच नसतं. रशियातल्या स्टालिनग्राडच्या स्टेशनसमोर एक साधं कारंजं होतं: सहा मुलं हात धरून फेर धरताहेत, मधे मगर, कडेला बेडूक. १९४२ च्या ऑगस्टमध्ये जर्मन बाँबहल्ल्यात शहर पेटलं आणि एका छायाचित्रकाराने त्याचा फोटो टिपला. मागे जळणाऱ्या इमारती, पुढे फेर धरलेली दगडी मुलं. त्यांचे चेहरे बदलले नव्हते, भोवतालचं जग बदललं होतं. बुडापेस्टला डॅन्यूबच्या काठावर २००५ पासून लोखंडी बुटांचे साठ जोड ठेवले आहेत, बायकांचे, पुरुषांचे, पोरांचे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे ज्यूंना उभं करून, पायातले बूट काढायला लावून, गोळ्या घालत, आणि प्रेतं नदीत पडत. त्या काठावर एकही चेहरा कोरलेला नाही. तरी लोक तिथे मोठ्याने बोलत नाहीत, बुटांत फुलं ठेवून जातात.

न्यूझीलंडच्या रॉनी व्हॅन हाउट या शिल्पकाराने स्वतःच्या हातावर स्वतःचाच चेहरा बसवून पाच मीटरचा एक पुतळा केला. तो दोन बोटांवर उभा राहतो आणि नाराज चेहऱ्याने खाली बघतो. आधी क्राइस्टचर्च, मग २०१९ पासून राजधानी वेलिंग्टनच्या कलादालनाच्या छपरावर तो होता. आला तेव्हा लोक हादरले, वर्तमानपत्रांत टीका झाली. २०२४ मध्ये तो उतरवला गेला, तेव्हा एकदाची सुटका झाली म्हणणारे होतेच, आणि आता त्या छपराकडे बघवत नाही म्हणून हळहळणारेही होते.